बियाचा दोडका

यंदा भाद्रपदात आमच्या बेळगावच्या घरामागील मांडव दोडक्यांनी लगडला. रोज सकाळी परडी घेऊन परसात जावे आणि कोवळी फळे तेवढी खुडून आणावीत, हा गेला महिनाभर आमचा नित्यक्रम आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, या जुन्या नेमाप्रमाणे अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ आणि हाच दोडका घालून ऋषीची भाजी झाली. सोललेल्या शिरांची तीळ-खोबरे घालून चटणी झाली. विकतच्या दोडक्याला ही गोडी नसते, हे आम्ही गेल्या वर्षी पुरेपूर अनुभवले. कारण गेल्या वर्षी आमचा मांडव रिकामा होता.

हे बी आमच्या आजीचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, त्याच्याही आधीपासून ती ते राखत आली होती. दरवर्षी वेलीवरचे एक ठसठशीत फळ ती कोणाला खुडू देत नसे. त्याला चिंधी बांधून ते ‘बियाला’ ठेवी. ते जून होई, वाळे, आत बी खुळखुळू लागे. मग राखेत घोळून ते बी गाडग्यात जाई. ‘जून’ हा शब्द आम्ही तिच्याकडूनच शिकलो. ‘जुना’ हा त्याचाच भाऊ. दोहोंचे नाते संस्कृतातील ‘जीर्ण’शी आहे. भाजीला जून फळ निरुपयोगी, परंतु पुढच्या वर्षाची वेल त्याच्याच पोटात असते.

आजी गेली. त्यानंतरच्या हंगामात आमच्यापैकी एकाने आठवणीने चिंधी बांधली आणि दुसऱ्याने, पाहुणे आले म्हणून, तेच फळ खुडून चुलीवर चढवले. चिंधी कशासाठी, हे धाकट्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ‘बियाला ठेवणे’ हे शब्द घरातून आधी गेले. बी मागाहून गेले.

यंदा मृगाच्या तोंडावर शेजारच्या अक्कांच्या कानी हे गेले. त्यांचे घर कन्नड. त्यांनी आतून एक पुडी आणून आमच्या हातावर ठेवली. “तुमच्या आजींनीच दिलेलं बी हे. आमच्या हित्तलात दर साल लावतो आम्ही. घ्या की!” हित्तल म्हणजे परस. दोडक्याला त्या हीरेकाई म्हणतात; तेलुगूत तोच बीरकाय, कोकणात शिराळे, गुजरातीत तुरिया. नावे निराळी, वेल एकच.

जाता जाता त्यांनी एक कन्नड म्हण ऐकवली : ‘हित्तल गिडा मद्दल्ला.’ परसातले झाड औषध नव्हे. म्हणजे घरच्या वस्तूची घरच्यांना किंमत नसते. आपण ‘पिकते तिथे विकत नाही’ म्हणतो, तसेच काहीसे. ती म्हण आम्हाला लागली. आम्ही वर्षानुवर्षे मराठीसाठी निवेदने दिली, फलकांसाठी आणि परिपत्रकांसाठी भांडलो. तो आमचा हक्क आहे आणि पुढेही भांडू. परंतु त्याच काळात परस, परडी, गाडगे, खुडणे, जून हे शब्द आमच्याच मुलांच्या तोंडून गळत होते, आणि त्याला कोणतेही सरकार जबाबदार नव्हते. ते बोलायचे आम्हीच राहून गेले होते.

यंदा दोन फळांना चिंध्या बांधल्या आहेत. एकाचे बी घरी राहील. दुसऱ्याच्या पुड्या बांधून, ज्याच्या घरामागे हातभर माती आहे अशा कोणाही मागणाऱ्यास देऊ. चिंधी कशासाठी, हे या वेळी सर्वांना सांगून झाले आहे. घरातील धाकटी रोज सकाळी मांडवाखाली उभी राहून विचारते, “जून झाला का?” अजून नाही. दसऱ्यापर्यंत होईल.