रेझिनमधल्या वाटा

कार्बन फायबरचं काम शिकणाऱ्याच्या हाताला पहिली सवय लागते ती बुडबुडे काढण्याची. कापडाचे थर अंथरायचे, रेझिन जिरवायचं, व्हॅक्यूम बॅगेतून हवा खेचायची. पोकळी राहिली की तडा तिथूनच जाणार. भार पेलणारी बॅटरी घडवताना मात्र त्याच माणसाला रेझिनमध्ये मोकळ्या वाटा मुद्दाम राखाव्या लागतात. हवेच्या नव्हे, द्रवाच्या.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात लेफ आस्प आणि त्यांचे सहकारी हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांच्या बॅटरीत ऋण बाजूचा कार्बन तंतू लिथियम साठवतो, वीज वाहतो आणि ओझंही उचलतो. २०२१मध्ये किलोमागे २४ वॉट-तास ऊर्जा आणि २५ गिगापास्कल ताठपणा त्यांनी गाठला. तेव्हा धन बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा होता. २०२४मध्ये तिथेही लिथियम आयर्न फॉस्फेटचा लेप दिलेले कार्बन तंतू आले. ऊर्जा ३० वॉट-तासांवर गेली, ताठपणा ७० गिगापास्कलच्या पुढे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तोडीचा.

कौतुक तंतूंचं होतं, पण खरी कारागिरी रेझिनची. नेहमीचं इपॉक्सी लिथियमच्या आयनांना हलूच देत नाही. नुसता द्रव इलेक्ट्रोलाइट भरला, तर आयन खुशाल फिरतील, पण दाब येताच तंतू वाकतील. म्हणून मोनोमर आणि द्रव आधी एकजीव करतात. ऊब मिळाली की मोनोमर घट्ट होत होत द्रवापासून फुटून निघतो आणि स्पंजासारखा सांगाडा उरतो: घन जाळं सलग, त्यातल्या द्रवाच्या वाटाही सलग. द्रव वाढवला की आयनांची ये-जा सुधारते आणि सांगाडा लेचापेचा होतो. या दोहोंमधलं प्रमाण साधणं हेच या कामातलं सर्वांत अवघड कसब.

उत्तम लिथियम-आयन सेल किलोमागे २५० वॉट-तासांच्या आसपास देतो. त्यापुढे ३० क्षुल्लक वाटतात, पण ही तुलना अपुरी आहे. त्या सेलचं वजन गाडीच्या सांगाड्याला वाहावं लागतं. इथे सांगाडाच ऊर्जा साठवतो. म्हणून तोलायची ती पूर्ण गाडी.

इंपिरियल कॉलेज लंडनच्या साथीने व्होल्वोने २०१३मध्ये एस८० गाडीच्या डिकीचं झाकण याच विचाराने घडवून दाखवलं. त्यात मात्र बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर होता.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र मोठा आहे. बिघडलेला बॅटरी पॅक सोडवून बदलता येतो. गाडीचं छतच बॅटरी असेल, तर चेपलेल्या जागी आतला, धन-ऋण बाजू वेगळ्या ठेवणारा सेपरेटर शाबूत आहे की नाही हे आधी तपासावं लागेल.