दोष यंत्राचा, पोरीचा की माझा?

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी आमच्या वस्तीतल्या विहारात जे घडले, ते सांगताना मला आजही थोडी लाज वाटते. पण त्यातून चारचौघांना काही घेता आले तर बरेच, म्हणून लिहितो.

विहाराच्या अभ्यासिकेसाठी आम्ही संगणक घेतला. घरटी ५०० रुपये वर्गणी. देणारे कोण? नाका कामगार, सफाई खात्यातले बांधव, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी. खजिनदार मी. कारकुनी पेशातला बी.कॉम. माणूस, त्यामुळे तीन दुकानांची दरपत्रके मागवून, घासाघीस करून ३२ जीबी रॅमचा दणकट संगणक आणला. "आता दहा वर्षे बघायला नको," असे सभेत मीच ठणकावून सांगितले.

पहिले मोठे काम ठरले ते बॅनरचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाऊन बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतलेली माणसे आमच्या वस्तीतही होती. आता त्यांतले कोणी हयात नाही. घराघरांतून त्यांचे फोटो गोळा केले. कोणाची फ्रेम उघडली, कोणाचा फोटो ट्रंकेतून निघाला. घड्या पडलेले, वाळवीने कुरतडलेले. ते स्कॅन करून, डाग काढून १० फूट बाय ६ फुटांच्या बॅनरवर लावायचे. काम सोपवले वस्तीतल्याच एका मुलीवर. कॉलेजात शिकते, फोटोशॉप येते. त्या फोटोंत तिची पणजीही होती.

चार दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. ब्रश फिरवला की पडद्यावर उमटायला पाच-सात सेकंद. फाईल साठवायला टाकली की चहा पिऊन यावे. एवढा दणकट संगणक आणि बैलगाडीची चाल! मग सल्ले आले. कोणी म्हणाले व्हायरस असेल, कोणी म्हणाले फॉरमॅट मारा. दुकानदार म्हणाला आणखी रॅम टाका. एक ज्येष्ठ सभेत म्हणाले, "वर्गणीचा पैसा पाण्यात गेला." ते मला लागले. मी उठलो आणि सगळ्यांसमोर बोललो, "संगणक चांगला आहे, पोरीलाच जमत नाही."

ती एवढेच म्हणाली, "काका, प्रोसेसर रिकामा बसलाय, डिस्क अडकलीय. एकदा येऊन बघा ना." मी ऐकले नाही.

घरी पत्नीने विचारले, "अहो, तुमच्या ऑफिसात हिशेब जुळला नाही, तर तुम्ही आधी माणसावर ओरडता की नोंदी तपासता?" मी गप्प झालो. ताळेबंद जुळत नसेल तर अंदाजाने आकडा बदलता येत नाही, एकेक नोंद मागे मागे शोधत जावे लागते, हे मी वीस वर्षे करतो आहे. कालाम सुत्तावर विहारात प्रवचनही दिले आहे की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. आणि इथे मी न पारखताच एका मुलीवर निकाल दिला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. तिने टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरवर जेमतेम १२ टक्के काम, रॅम भरत आलेली, आणि डी ड्राइव्हची डिस्क १०० टक्के गुंतलेली. मग फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत 'एफिशियन्सी' नावाचा आकडा दाखवला. तो १०० असेल तर सगळे काम रॅममध्ये चालले आहे. त्याखाली घसरला की फोटोशॉप डिस्कवर ये-जा करत आहे. आमचा होता ३४.

मला माझ्या भाषेत समजले ते असे. रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल. टेबलावर मावेल तेवढे काम झपाट्याने होते. मावले नाही की फाईल रेकॉर्ड रूममध्ये ठेवायची, लागली की परत आणायची. या रेकॉर्ड रूमला फोटोशॉपमध्ये 'स्क्रॅच डिस्क' म्हणतात. ती दूर आणि खच्चून भरलेली असेल, तर कारकून कितीही हुशार असो, तो शिपायाची वाट बघत बसणार.

आता रेकॉर्ड रूम दूर कोणी नेली? मीच! आमच्या ऑफिसात सी ड्राइव्ह सारखा भरतो, म्हणून दुकानदाराला मी बजावले होते की सगळे डी वर टाका. सी होता एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारा, वेगवान. डी होती जुन्या पद्धतीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. त्यात जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ भरून ती काठोकाठ केलेली.

आणि टेबलावर न मावणारा ढीग कोणी आणला? तोही मीच. लग्नपत्रिका छापताना प्रेसवाल्याने इंचाला ३०० ठिपके सांगितले होते. तोच आकडा मी तिला कागदावर लिहून दिला होता. आम्ही हिशेब मांडला. १० फूट म्हणजे १२० इंच, ६ फूट म्हणजे ७२ इंच. ३०० ने गुणले की ३६,००० बाय २१,६००, म्हणजे ७७ कोटी ७६ लाख ठिपके. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर पूर्ण आकाराचा एकच थर सव्वादोन जीबीच्या वर! असे थर अनेक, शिवाय मागे फिरता यावे म्हणून फोटोशॉप आधीच्या ५० पायऱ्या लक्षात ठेवते ते वेगळेच. साध्या पीएसडी फाईलला एका बाजूला ३०,००० ठिपक्यांची मर्यादा असते, म्हणून फाईल नेहमीसारखी साठवतही नव्हती. पत्रिका आपण हातात धरून वाचतो, बॅनर रस्त्यापलीकडून बघतो. त्याला ७२ पुरतात. तेवढ्याने ठिपके उरले साडेचार कोटींच्या आत, सतरा पटीहून कमी.

उपाय एका तासात झाला. व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवले. फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये स्क्रॅच डिस्क म्हणून सी निवडला, डी वरची खूण काढली. पायऱ्या ५० वरून २० केल्या. बॅनर ७२ वर आणला, मूळ स्कॅन मात्र मोठ्या आकारात जपून ठेवले. फोटोशॉप बंद करून परत उघडले आणि ब्रश हाताबरोबर धावू लागला. एफिशियन्सी १०० ला आली. एक रुपया खर्च झाला नाही.

तथागतांनी दुःख सांगितले आणि तिथेच थांबले नाहीत. दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, हेही सांगितले. आपण मात्र पुष्कळदा दुःख दिसले की कारण शोधण्याऐवजी माणूस शोधतो. आणि तो माणूस बहुधा घरातला लहान, नाहीतर मुलगी असते. पिढ्यान्‌पिढ्या "यांना जमणार नाही" हे शब्द आपल्याला ऐकवले गेले. तेच शब्द मी आमच्याच लेकीला ऐकवले, याचे मला फार वाईट वाटले.

बोललो होतो सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोरच हवी. रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो, दोन्ही चुका माझ्या होत्या हे सांगितले आणि तिची माफी मागितली. ते ज्येष्ठ आजोबाही म्हणाले, "मीही घाईच केली, बाई."

ती लाजली. मग हातातला कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, बॅनरवरची नावे तेवढी तपासून द्या. माझ्या पणजीचे नाव आजवर कुठेच छापून आलेले नाही, ते चुकायला नको."

मी ती नावे तीनदा तपासली.

जयभीम!