‘ग्ल’चे गोत्र

इंग्रजी शब्दकोशातील ‘ग्ल’ने आरंभ होणाऱ्या शब्दांची पाने आम्ही पुष्कळदा निष्कारणच वाचत बसतो. ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर हे सारे प्रकाशाचे शब्द. ग्लान्स, ग्लिम्प्स, ग्लेअर हे नजरेचे. शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हा सोस्यूरचा धडा आम्ही शिकलो आणि वर्षानुवर्षे शिकवलाही. ही पाने समोर आली की मात्र तो धडा किंचित डळमळतो.

जे. आर. फर्थ यांनी १९३० साली ‘स्पीच’ या छोटेखानी पुस्तकात अशा अर्थसूचक ध्वनिगुच्छांना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिले. त्यापूर्वी फर्थ लाहोरास पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. असो.

व्युत्पत्तिशास्त्रज्ञ म्हणतील, यात गूढ ते काय? यांतील बरेच शब्द चकाकण्याचा अर्थ असलेल्या एकाच भारोपीय धातूकडे नेता येतात. खरे आहे. त्याच धातूशी गोल्ड आणि यलो जोडतात, संस्कृतातील ‘हिरण्य’ आणि ‘हरि’ही जोडतात; म्हणजे हरिद्रेच्या वाटेने आपल्या स्वयंपाकघरातील हळदही या गोतावळ्यातलीच. पण रक्ताचे नाते नसलेले शब्दही या घरात येऊन राहिले, त्याचे काय? ‘ग्लॅमर’ हा मुळात ‘ग्रॅमर’. विद्या म्हणजे काहीतरी मंत्रतंत्र, अशी सामान्यांची समजूत. स्कॉटिश बोलीत ‘र’चा ‘ल’ झाला आणि व्याकरणाची चेटूकविद्या झाली. वॉल्टर स्कॉटने तो शब्द साहित्यात रूढ केला. आज त्यातले व्याकरण पार पुसले गेले, उरला तो झगमगाट. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना याचे थोडे वैषम्य वाटते, हे सांगायलाच हवे! ‘ग्लान्स’ तर पूर्वी हत्याराचा वार तिरका निसटून जाण्याला म्हणत.

हा नियम नव्हे, हेही खरे. ग्लू, ग्लव्ह, ग्लटन यांत कुठला आला प्रकाश? सोस्यूर त्यामुळे खोटा ठरत नाही. पण अनुवादाला बसले की प्रश्न वर्गातला राहत नाही. कवितेच्या एका ओळीत ग्लीम, ग्लिंट आणि ग्लिमर एकत्र आले, तर कोश तिन्हींपुढे ‘चमकणे’ लिहून मोकळा होतो. अर्थ येतो, गोत्र तेवढे हरवते. मराठीत आम्ही ‘झ’चा आसरा घेतो: झळक, झगमग, झळाळी, झगझगीत. परंतु आपल्या ‘झ’चा संसार मोठा, तिथे झुळझुळ आणि झिमझिम हे पाण्याचे शब्द नांदतात, आणि उजेड हिरावून घेणारा झाकोळही. शिवाय ‘ग्लिमर’मधला तो क्षीण, थरथरता उजेड कुठल्याही ‘झ’ला पेलत नाही. तिथे ‘मिणमिण’च हवी. अशा वेळी आम्ही अनुप्रास सोडतो आणि ‘मिणमिण’ ठेवतो. ओळ मात्र पुन्हा पुन्हा वाचून पाहतो.