कोझिकोडची सुलैमानी, घरचं सांदण

नेत्रावती एक्स्प्रेसनं रत्नागिरीहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडला उतरले. स्टेशनबाहेर रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "कुठून?" मी म्हटलं, "महाराष्ट्र." त्यानं आरशातून माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग घरी मराठी?"

"हो, मराठी."

त्यानं मान हलवली आणि गिअर टाकला. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

तो प्रश्न मला पाठ आहे. "तुमच्याकडे उर्दू बोलतात ना? मग मराठी एवढं छान कसं?" शाळेत, नोकरीत, अगदी आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडूनही तो ऐकलाय. विचारणारे वाईट नसतात, कौतुकानंच विचारतात. पण आपल्याच घरात आपल्याला पाहुणा म्हटल्यासारखं होतं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोकणी मराठीच बोलतात, हे दरवेळी नव्यानं सांगावं लागतं.

कोझिकोडला मी तीन दिवस खायलाच गेले होते. केरळातल्या मोपला मुसलमानांच्या स्वयंपाकाबद्दल ऐकलं होतं, तो त्यांच्या गावात जाऊन खायचा होता.

पहिल्याच सकाळी पत्तिरी खाल्ली. तांदळाच्या पिठाची उकड काढून लाटलेली, कागदासारखी पातळ, वरून नारळाचं दूध. आमच्याकडे भाकरीला अशीच उकड काढतात, फक्त ती हातावर थापतात आणि जाडही असते. दुपारी कल्लुम्मक्काय. कोकणात ज्यांना शिणाणे म्हणतात, त्याच शिंपल्या. त्यात तांदूळ आणि खोबऱ्याचं वाटण भरतात, उकडतात, मग मसाला लावून तळतात. शेजारच्या टेबलावर कपाळाला चंदन लावलेले एक आजोबा नातीला शिंपलीतून तो गोळा सोडवून देत होते. ती आपली बडीशेप, आपलं खोबरं ओळखीचं असल्यासारखी खात होती.

बिर्याणीला बासमती नाही. कैमा नावाचा बुटका, वासाचा तांदूळ. सोबत खोबऱ्याची चटणी आणि खजुराचं लोणचं. 1939 सालापासून चालू असलेल्या 'पॅरागॉन'मध्ये ती खायला रांग लावावी लागते. रांगेत सगळ्या प्रकारची माणसं. तिला कुणी 'मुसलमानांची बिर्याणी' म्हणत नव्हतं. ती कोझिकोडची बिर्याणी होती.

दुसऱ्या दिवशी कुट्टिचिरा या जुन्या वस्तीत गेले. तिथल्या तळ्याकाठी मिश्काल मशीद आहे. चौदाव्या शतकात एका अरब व्यापाऱ्यानं बांधलेली, 1510 मध्ये पोर्तुगीजांनी जाळलेली, पुन्हा उभी राहिलेली. तिला मिनार नाहीत. लाकडी मजले, उतरती कौलं. लांबून कोकणातलं एखादं मोठं घर वाटावं. या वस्तीतल्या जुन्या घराण्यांत लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही, जावईच बायकोच्या घरी राहायला येतो. मग सासूला रोज त्याच्यासमोर काहीतरी नवं ठेवावं लागतं. इथल्या तळलेल्या, उकडलेल्या, गोड-तिखट खाऊची यादी एवढी लांब का, याचं एक कारण हे जावई. त्यातलं उन्नक्काय मला सगळ्यांत आवडलं. पिकं केळं उकडून, मळून, आत खोबरं-साखरेचं सारण भरून तळलेलं.

मात्र हा खाऊ आता सासूच्या स्वयंपाकघरातच राहिलेला नाही. साध्या चहाच्या टपरीवरही काचेच्या कपाटात उन्नक्काय असतं. संध्याकाळी समुद्रावर गेले तर गाड्यांवर मिठाच्या पाण्यात मुरलेले आवळे, कैऱ्या, अननस. आवळा खाल्ला आणि वर सुलैमानी प्यायले. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला चहा. जड जेवणावर यापेक्षा चांगलं काही नाही.

2023 मध्ये युनेस्कोनं कोझिकोडला साहित्यनगरी ठरवलं. भारतातलं असं पहिलंच शहर. इथून जवळच बेपूरला वैकम मुहम्मद बशीर राहायचे, अंगणातल्या मँगोस्टीनच्या झाडाखाली बसायचे. त्यांनी मुसलमान घरांतल्या बायकापोरांची बोली जशीच्या तशी लिहिली आणि ती मल्याळम साहित्यात मानानं बसली. बशीरना मल्याळम एवढं छान कसं येतं, असं तिथं कुणी विचारणार नाही.

केरळात सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. तीन दिवसांच्या पाहुणीला घरातली भांडणं दिसत नाहीत. पण परतीच्या गाडीत एक गोष्ट टोचत राहिली. आमच्या पदार्थांची नावं तरी मी कुणाला सांगितली आहेत का? आमच्या घरी सांदण होतं, नारळाच्या दुधातलं कालवण होतं. आणि ईदला शेजाऱ्यांना मी काय देते? शीरखुर्मा आणि बासमतीची बिर्याणी. त्यांना मुसलमानाकडून जे अपेक्षित असतं तेच. रत्नागिरीच्या एकाही हॉटेलच्या पाटीवर मला आमचं सांदण दिसलेलं नाही. आम्हीच ते घराबाहेर काढलं नाही. मग लोकांनी आम्हाला ओळखावं कशावरून?

परत आल्यावर रविवारी सांदणं केली. आंबवलेलं तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, वाट्यांत उकडलेली. ताटली घेऊन त्या बिल्डिंगमधल्या काकूंकडे गेले.

"इडली?" त्या म्हणाल्या.

"नाही, सांदण."

"सांदण? अगं, सांदण तर आमच्याकडे फणसाचं करतात! माझी आई करायची, राजापूरला. तुम्ही रवा जाड घेता की बारीक?"

मग आम्ही दारातच उभ्या राहून बोलत राहिलो. रवा कसा काढायचा, गूळ किती, फणस बरका घ्यायचा की कापा. अर्धा तास गेला असेल. निघताना त्यांनी ताटली धुऊन परत दिली नाही. म्हणाल्या, राहू दे, मे महिन्यात बरका फणस आला की भरूनच देते.