डबल रूम, पाच माणसं

किरणोत्सवाच्या दिवसांत कोल्हापुरात रूम मिळवणं किती अवघड असतं, याची मला कल्पनाच नव्हती. 9, 10 आणि 11 नोव्हेंबर. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात, अंबाबाईच्या मूर्तीकडे सरकतात, आणि ते बघायला गाव माणसांनी भरून जातं. आई, बाबा आणि मी, तिघांसाठी मी पहिल्यांदाच स्वतः लॉज बुक केलं होतं. डबल रूम, वर एक गादी. एसटीतून उतरतोय तोच आत्याचा फोन: "आम्ही दोघंही निघालोय गं. सगळीकडे फुल्ल आहे, तुमच्यातच जागा कर."

काउंटरवर छाती धडधडत होती. तरी सरळ सांगितलं, पाच जण आहोत. मॅनेजरने रजिस्टर पुढे ओढलं. "पाचीजणांची आधार कार्डं द्या ताई. पोलीस कवाबी रजिस्टर बघत्यात. मानूस वर आनि नाव खाली न्हाई, असं आमाला चालत न्हाई." दुसरी गादी दिली, पैसे वेगळे लावले. मला ते रास्त वाटलं. पाणी, चादरी, टॉवेल, सगळंच पाच जणांचं लागणार होतं.

खरी गडबड वर गेल्यावर. दोन गाद्या अंथरल्या आणि बाथरूमची वाटच बंद! मला वाटलं, मोठ्यांनी पलंगावर, मी खाली. आत्याने वय बाजूला ठेवलं आणि विचारलं, रात्री कोण उठतं? आतोबांना मधुमेह, त्यांना उठावंच लागतं. पण गुडघे धड आहेत, म्हणून ते खाली, बाथरूमच्या कडेला. बाबांना पंख्याचा वारा सोसत नाही, त्यांची गादी कपाटाच्या आडोशाला. आई आणि आत्याला जमिनीवरून उठवत नाही, त्या पलंगावर. वाट आपोआप मोकळी झाली.

पलंग म्हणजे जोडून ठेवलेले दोन सिंगल कॉट, मध्ये चांगली चार बोटं फट. आत्याने सोलापुरी चादरीची लांब घडी केली, फटीत दाबून बसवली, वरून दुसरी चादर ताणून कडा गादीखाली खोचल्या. मग उशा एका अंगाला लावून आम्ही तिघी आडव्या झोपलो. दोन्ही कॉट मिळून रुंदी सहा फुटांची, त्यामुळे कुणाचे पाय बाहेर आले नाहीत, आणि मलाही पलंगावर जागा झाली. इतकं नीट, डोळसपणे कुणी माणसांची सोय लावताना मी पाहिलं नव्हतं. रूम लहान की मोठी हे मी फोटो बघून ठरवलं होतं. आत्याने ते माणसं बघून ठरवलं.

गरम पाणी सोलरचं, सकाळी आठपर्यंतच. पुरुषांनी पहाटेच आवरून घेतलं, एवढ्यावर ते निभावलं.

31 जानेवारीला किरणोत्सव पुन्हा असतो, त्यालाही आम्ही पाचही जण जाणार आहोत. या वेळी मी आधीच फोन केला: पाच माणसं, दोन गाद्या, खालचा मजला.

"खालचा न्हाई जमायचा ताई," मॅनेजर म्हणाला, "पन लिफ्टच्या शेजारची रूम देतो. आधार कार्डं तेवढी सगळ्यांची आना."