‘आफ्टर’ कुणाचं?

ती. ताईस,


नर्स बाळाकडे बघते, ह्या अर्थाचं इंग्रजी वाक्य पॅसिव्हमध्ये करायला सांगितलं की नववीतली मुलं ‘द बेबी वॉज लुक्ड बाय द नर्स’ असं लिहितात, ‘लुक आफ्टर’मधलं ‘आफ्टर’ गाळतात आणि दहा वेळा सांगूनही पुन्हा गाळतात. ह्याला निष्काळजीपणा म्हणायचं का, असं तू विचारलंस. माझं मत सरळच सांगतो. हा निष्काळजीपणा नाही. ती मुलं व्याकरण पाळताहेत, आणि चोख पाळताहेत; फक्त ते मराठीचं आहे. लाल शाईने ‘आफ्टर’ वर लिहून देण्याने ही चूक जाणार नाही, कारण मुलांच्या लेखी तो शब्द तिथे असण्याचं कारणच उरलेलं नसतं.

आपल्या वाक्यात ‘कडे’ कुणाचं आहे ते बघ. ‘नर्स बाळाकडे बघते’ ह्यात ते बाळाला चिकटलेलं आहे, क्रियापदाला नाही. वाक्य फिरवलं तरी ते बाळाची पाठ सोडत नाही: ‘बाळाकडे बघितलं जातं’. बाळाऐवजी मुलगी घे, मुलं घे. ‘मुलीकडे बघितलं जातं’, ‘मुलांकडे बघितलं जातं’. क्रियापद जागचं हलत नाही, नपुंसकलिंगी एकवचनीच राहतं. भावे प्रयोग म्हणून आपण जे शिकवतो त्याच जातीची ही रचना. म्हणजे बाळ वाक्याच्या आरंभी आलं, पण कर्त्याच्या जागी बसलं नाही. इंग्रजीत ते खरोखर बसतं. ‘द बेबी वॉज लुक्ड आफ्टर’, पण ‘द बेबीज वर लुक्ड आफ्टर’: क्रियापद आता बाळाच्या वचनाप्रमाणे बदलतं. नाम उठून पुढे गेलं आणि ‘आफ्टर’ मात्र क्रियापदापाशीच राहिलं. मराठी मुलाला हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण त्याच्या भाषेत शब्दयोगी अव्यय नामाला सोडून एकटं राहूच शकत नाही. बाळ कर्त्याच्या जागी आलं, तिथे ‘कडे’ लागत नाही, म्हणून ‘आफ्टर’ही नको, असा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर आहे, गृहीत चुकलेलं आहे.

हे निदान खरं असेल तर त्यातून एक पडताळा निघतो. जिथे मराठीतही जोडीचा शब्द क्रियापदाच्या बाजूला असतो, तिथे ही चूक व्हायला नको. ‘परीक्षा पुढे ढकलली गेली’ ह्यात ‘पुढे’ परीक्षेला चिकटलेलं नाही, ते ‘ढकलणे’चं आहे. म्हणून ‘द एक्झाम वॉज पुट ऑफ’ लिहिताना ‘ऑफ’ सहसा गळणार नाही. ‘काम हाती घेतलं गेलं’ आणि ‘टेकन अप’ ह्यांचंही तेच. वह्या तुझ्यापाशी आहेत, ताळून बघ. ह्याहून बोलका दाखला एकाच क्रियापदाचा आहे. आपल्या न्यायालयांच्या आदेशात याचिका ‘डिस्पोज्ड ऑफ’ होते आणि तिथलं ‘ऑफ’ शाबूत असतं; मराठी बातमीत तीच याचिका ‘निकाली काढली’ जाते, म्हणजे ‘निकाली’ क्रियापदाकडे. कचऱ्याची मात्र आपण विल्हेवाट लावतो. इथे ‘ची’ कचऱ्याला चिकटलेली, आणि ‘द गार्बेज वॉज डिस्पोज्ड’ असं ‘ऑफ’वाचूनचं वाक्य आपल्याकडे सर्रास दिसतं. न्यायालयातला शब्दप्रयोग ठरीव आहे, तेव्हा तिथे सवयीचाही हात असणार, हे मला मान्य आहे. पण ‘द पेशंट वॉज ऑपरेटेड’ पुन्हा तीच गोष्ट सांगतं. आपण रुग्णावर शस्त्रक्रिया करतो. ‘वर’ रुग्णाचं, म्हणून रुग्ण पुढे गेला की ‘ऑन’ही गेलं. हिंदीची घडण अशीच आहे, आणि हे वाक्य महाराष्ट्राबाहेरही ऐकू येतं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

ह्यावरून इंग्रजीच वाकडी आहे असं मुलांना वाटेल, तर त्यांना इंग्रजीचा भूतकाळ सांग. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि ‘त्याला मदत केली गेली’ हे त्या लोकांना आपल्यासारखंच म्हणावं लागे: ‘तो’चं रूप ‘त्याला’च राही. जर्मनमध्ये आजही ‘ईम वुर्डे गेहोल्फन’, म्हणजे ‘त्याला मदत केली गेली’, असंच म्हणतात. पुढे इंग्रजीतले हे प्रत्यय झिजले, आणि मध्ययुगीन इंग्रजीत, साधारण तेराव्या शतकापासून, ‘लाफ्ड अ‍ॅट’सारख्या रचना पॅसिव्हमध्ये दिसू लागल्या. ओळख पटवायला प्रत्यय नसल्यावर क्रियापदाआधी उभं असलेलं नाम हाच कर्ता, असं मानण्याकडे भाषा झुकली. आपण ज्या घरात अजून राहतो त्या घरातून इंग्रजी बाहेर पडली आहे, एवढाच फरक.

तुझ्या शाळेतले जुन्या वळणाचे शिक्षक म्हणतील, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवणं अशुद्ध. ह्या मताच्या बाजूने मोठी माणसं आहेत. ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला होता. १७६२ साली रॉबर्ट लोथने आपल्या व्याकरणात जरा सौम्य सूर लावला: बोलण्यात हे चालतं, पण गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी घेतलेलं अधिक शोभतं. परंतु त्यांचा वाद ‘हूम’, ‘विच’ अशा शब्दांच्या वाक्यांशी होता, जिथे ‘टू हूम’ असं पुढे नेता येतं. पॅसिव्हमध्ये न्यायला जागाच नाही. ‘आफ्टर द बेबी वॉज लुक्ड’ हे वाक्यच होत नाही. माझ्या दृष्टीने ‘आफ्टर’ क्रियापदाचं झालं आहे ह्याचा सर्वांत भक्कम पुरावा हाच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एवढा ऊहापोह कशाला, ‘क्रियापदामागचं शेपूट जसंच्या तसं ठेवा’ असा एक नियम सांगून का भागत नाही? कारण मग मुलं प्रत्येकच क्रियापद फिरवतील. ‘अराइव्ह अ‍ॅट’ बघ. निष्कर्ष ‘वॉज अराइव्ह्ड अ‍ॅट’ होतो, ते शुद्ध आहे. पुणे स्टेशन ‘वॉज अराइव्ह्ड अ‍ॅट’ होत नाही. शब्द तेच; पण निष्कर्षापर्यंत पोचण्यात आपण तो घडवतो, त्याचं काहीतरी होतं, आणि स्टेशन आपण पोचलो तरी होतं तसंच राहतं. पहिल्यात ‘अ‍ॅट’ क्रियापदात मुरलं, दुसऱ्यात ते स्टेशनचा पत्ता सांगण्यापुरतं आहे. ‘टेक आफ्टर’, म्हणजे वडिलांवर जाणं, ह्याचंही पॅसिव्ह होत नाही. मुलगा त्यांच्यावर गेला म्हणून वडिलांचं काही बदललं नाही. नुसत्या यादीने हे कळत नाही. शेपूट कुणाचं, हा प्रश्न विचारायची सवय लागली की कळू लागतं. ह्या कसोटीलाही अपवाद निघतील, पण पाठांतराहून ती पुष्कळ पुढे नेते.

आणि पॅसिव्हच टाळा, हा सल्ला? ऑर्वेलने १९४६च्या निबंधातल्या नियमांच्या यादीत कर्तरी वापरता येईल तिथे कर्मणी वापरू नका म्हटलं, पण त्याच यादीत रोजचा साधा शब्द असताना जड शब्द नको असंही म्हटलं. ‘पोस्टपोन्ड’च्या मागे लपून मुलांना ‘पुट ऑफ’पासून वाचवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. सभा रद्द झाल्याची सूचना, दवाखान्याचा अहवाल, बातमी, सगळीकडे त्यांना ह्याच रचना वाचायच्या आहेत.

तेव्हा पुढच्या तासाला ‘पुढे ढकलणे’ आणि ‘निकाली काढणे’ इथून सुरुवात कर, तिथे त्यांचा पाय घट्ट आहे. मग ‘लक्ष देणे’ घे: ‘बाळाकडे लक्ष दिलं गेलं’ ह्याला इंग्रजीत ‘अटेन्शन वॉज पेड टु द बेबी’ हा जवळजवळ मराठी वळणाचाच रस्ता आहे. ‘टेक अ‍ॅडव्हान्टेज ऑफ’ला तर दोन्ही रस्ते खुले आहेत: ‘अ‍ॅडव्हान्टेज वॉज टेकन ऑफ हिम’ आणि ‘ही वॉज टेकन अ‍ॅडव्हान्टेज ऑफ’. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहिलीस की ‘ऑफ’ने बाजू कशी बदलली ते डोळ्यांना दिसेल. ‘ही वॉज स्टूड बाय बाय हिज फ्रेंड्स’ शेवटी ठेव. त्यात दोन ‘बाय’ लागोपाठ येतात आणि मुलं त्यातलं एक हमखास खोडतील. पहिलं क्रियापदाचं, दुसरं मित्रांचं. खोडायचं एकही नाही. कोणतं कुणाचं हे न विचारता सांगणारी मुलं किती निघाली, ते मला कळव.

तुझा धाकटा भाऊ