खुबा मोडल्यानंतरचे तास

म्हातारे माणूस मोरीत घसरते, उठता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेर वळतो. खुबा मोडला हे चाळीतल्या बायकाही ओळखतात. फरक पडतो तो त्यानंतर.

आमच्या आत्या २०१९ साली पडल्या. वय ७४. रुग्णालयात पायाला वजन बांधून निजवले. मग सुरू झाली धावाधाव. रक्त आणा, हृदयाची तपासणी बाहेरून करून आणा, भूल देणाऱ्या डॉक्टरांची सही आणा, खुब्यात बसवायचा गोळा दुकानातून आणा. आम्ही भाऊ पाळीपाळीने कामावर खाडे करीत होतो. अकरा दिवस गेले. पाठीला जखम झाली, छातीत कफ साठला. रात्री आत्या आम्हाला ओळखेनात, कधीच्या वारलेल्या मैत्रिणीला हाका मारीत. नातेवाईक म्हणाले, "या वयात चिरफाड कशाला?" आत्यांना मात्र चालायचे होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते!

इंग्लंडमध्ये हेच हाड मोडले की तास मोजतात. ३६ तासांत शस्त्रक्रिया झाली आणि वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टरांनी ७२ तासांत तपासले, तर रुग्णालयाला जादा पैसे, अशी पद्धत तिथे २०१० साली सुरू झाली. त्याआधी २००७ पासून अशा रुग्णांची देशभर नोंद होऊ लागली. कोणते रुग्णालय मागे पडले ते लोकांना वाचता येते. स्वीडनने तर नोंदवही १९८८ मध्येच उघडली. जपानमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवून घेऊन चालायला शिकवतात. आपल्याकडे टाके घातले की खाट रिकामी करा.

घाईने खरेच फायदा होतो का? १७ देशांतल्या जवळपास ३,००० रुग्णांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलेही रुग्ण होते. निदानानंतर साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि २४ तासांत झालेले, यांच्यातले मृत्यू सारखेच निघाले. पण लवकर झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ती माणसे लवकर उभी राहिली. तिथे उशीर म्हणजे २४ तास. आमच्या आत्यांचे अकरा दिवस कुठल्या रकान्यात मांडायचे?

बाराव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. चालवायला कोणी आले नाही, म्हणून वहिनीने आणि आम्ही त्यांना वॉकरला धरून उभे केले. महिन्याने त्या मोरीपर्यंत जाऊ लागल्या. जिना मात्र सुटला तो सुटलाच.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. घरात म्हातारे माणूस असेल तर ते धडधाकट असतानाच कार्ड काढून ठेवा.